अनर्थदंडव्रत आणि विजेचा हिशेब

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त तासगाव येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे पूर्ण करणारी संस्था मागे वळून पाहते, तेव्हा तिला देणगीदारांची नावे आठवतात, पार पडलेली धर्मकार्ये आठवतात, दिवंगत कार्यकर्त्यांच्या स्मृतीने मन भरून येते. हे सारे उचितच आहे. परंतु महोत्सव हा हिशेबाचाही दिवस असतो. व्यापारी दिवाळीला वही बंद करतो, शिल्लक काढतो आणि मगच नव्या वहीचे पूजन करतो. समाजाच्या वहीत मात्र एक खाते बहुधा कोरेच राहते. ते खाते ऊर्जेचे. विजेचे बिल दरमहा भरले जाते. पण त्या बिलातील किती वीज कामी आली आणि किती निष्कारण गेली, याची नोंद घरात होत नाही, दुकानात होत नाही, सरकारी कचेरीतही क्वचितच होते. या कोऱ्या खात्याविषयी चार विचार मांडणे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

व्रताचा अर्थ

जैन श्रावकाच्या बारा व्रतांत ‘अनर्थदंडविरती’ हे एक व्रत आहे. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांनी ते मानले आहे. गृहस्थाला संसार चालवावा लागतो. त्यासाठी चूल पेटवावी लागते, पाणी वापरावे लागते, शेती व व्यापार करावा लागतो. यात घडणारी हिंसा पूर्णपणे टळत नाही. शास्त्रकारांनी गृहस्थाची ही अडचण ओळखली होती. म्हणून त्यांनी प्रयोजनासाठी घडणारी हिंसा आणि कोणत्याही प्रयोजनाविना घडणारी हिंसा यांत भेद केला. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एक प्रकार ‘प्रमादचर्या’ हा होय. निष्कारण भूमी खणणे, निष्कारण पाणी सांडणे, निष्कारण अग्नी पेटवणे, निष्कारण वारा घालणे, निष्कारण वनस्पती तोडणे, या साऱ्यांचा समावेश प्रमादचर्येत होतो.

भूमी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती ही यादी शांतपणे ऐकली, म्हणजे ती आजच्या ऊर्जेचीच यादी आहे हे ध्यानी येते. कोळशासाठी भूमी खणली जाते, जलविद्युतासाठी पाणी अडवले जाते, औष्णिक केंद्रात अहोरात्र अग्नी पेटतो आणि रिकाम्या खोलीतला पंखा निष्कारण वारा घालत राहतो. वीज सचित्त की अचित्त, याविषयी जैन समाजात पूर्वीपासून मतभेद आहेत. त्या वादात न शिरताही एवढे निश्चित म्हणता येते, की बटण दाबणाऱ्याला भट्टी दिसत नसली, तरी भट्टी आहेच.

त्या भट्टीचा हिशेब उद्बोधक आहे. कोळशातील उष्णतेचे शंभर भाग धरले, तर औष्णिक केंद्रात त्यांतून साधारण पस्तीस भागांचीच वीज होते. वाहिन्यांमधून आणि रोहित्रांमधून ती घरापर्यंत पोहोचेतो तीस भाग उरतात. जुन्या तारेच्या दिव्यात त्यांतील फक्त विसाव्या हिश्श्याच्या आसपास प्रकाश होई, उरलेली सारी उष्णता. म्हणजे शंभर भाग जाळून हाती आले जेमतेम दीड-दोन भाग! अशा व्यवहाराला कोणताही व्यापारी धंदा म्हणणार नाही. याउलट, या साखळीच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे घरात, वाचवलेला एक भाग खाणीच्या टोकाला तीनांहून अधिक भाग वाचवतो. छोटी वाटणारी बचत मोठी का ठरते, याचे कारण हे आहे.

कृष्णाकाठचे कोडे

तासगावकरांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. या तालुक्याची द्राक्षे आणि बेदाणा जेथे जेथे जातो, तेथे त्याच्याबरोबर विजेचा न दिसणारा भारही जातो. तालुक्याचा पूर्वभाग अवर्षणप्रवण आहे. कृष्णेचे पाणी खाली वाहते आणि बागा उंचावर आहेत. म्हणून ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना झाल्या. तिन्ही योजनांचे पाणी तालुक्याच्या कोणत्या ना कोणत्या भागात येते. हे पाणी गुरुत्वाकर्षणाने येत नाही. ते टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलावे लागते.

उचलण्याचा खर्च किती? एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच नेण्यास निसर्गनियमानुसार पाव युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. पंप, मोटार आणि जलवाहिनी यांतील घट धरली, तर ती पाऊण हिश्श्याने नव्हे, तरी निम्म्याने तरी वाढते आणि चार दशांश युनिटाच्या घरात जाते. आकडा किरकोळ वाटतो. पण एक टीएमसी पाणी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. एवढे पाणी शंभर मीटर चढवण्यास एक कोटीहून अधिक युनिटे लागतात. आणि या योजनांचे अनेक टप्पे त्याहून उंच जातात.

कोड्याची दुसरी बाजू सातारा जिल्ह्यात आहे. कोयना प्रकल्पातून पहिली वीज १९६२ साली मिळाली आणि पुढे वाढत जाऊन प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट झाली. शिवसागर जलाशयाची साठवण १०५.२५ टीएमसी आहे. त्यातील ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडण्याची मर्यादा ठरलेली आहे. तेथे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पावणेपाचशे मीटर उतरते आणि प्रत्येक हजार लिटरमागे एक युनिटाहून अधिक वीज देते. पावसाने दगा दिला की कोयनेचे पाणी पूर्वेकडे, कृष्णेच्या पात्रात, अधिक सोडावे लागते. धरणाच्या पायथ्याच्या छोट्या वीजगृहातून त्यातली थोडी वीज मिळते. परंतु पश्चिमेच्या तुलनेत ती फारच अल्प.

याचा अर्थ असा, की दुष्काळाच्या वर्षी एक टीएमसी पाणी पूर्वेला वळवले, तर सुमारे तीन कोटी युनिटांच्या निर्मितीवर पाणी सोडावे लागते आणि वर तेच पाणी उपसण्यास कोटीभर युनिटे खर्ची पडतात. एवढ्या मोलाचे पाणी बागेत आल्यावर पाटाने मोकळे सोडले आणि बांधाबाहेर वाहून गेले, तर त्याला काय म्हणावे? पाणी देणे हे प्रयोजन आहे; वाहून जाणे हा अनर्थदंड आहे.

या हिशेबाला मानवी बाजूही आहे. उपसा योजनांची वीजबिले थकली आणि पंप बंद राहिले, असे प्रसंग या जिल्ह्याने अनेकदा पाहिले आहेत. पुढे बिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के भार लाभधारकांनी उचलावा, असे सूत्र ठरले. भार वाटला गेला, पण नाहीसा झाला नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, वेलीला नवी फूट येते आणि त्याच वेळी पाण्याची सर्वाधिक ओढ असते. आवर्तन आठ दिवस लांबले, तर कालव्याच्या सुरुवातीचा बागायतदार कसाबसा तग धरतो; शेवटच्या टोकाचा शेतकरी टँकर शोधत फिरतो. वरच्या अंगाला झालेली उधळपट्टी खालच्या अंगाला तहान होऊन पोहोचते. जैन दर्शनाने सर्व जीव परस्परांना उपकारक आहेत, असे मानले. कालव्याच्या काठावर उभे राहिले, की ते तत्त्व डोळ्यांना दिसते.

या तालुक्याने मार्गही दाखवला आहे. द्राक्षबागायतदारांनी ठिबक सिंचन फार पूर्वी स्वीकारले. उपसा योजनांच्या वितरणातही उघड्या चाऱ्यांऐवजी बंदिस्त नलिका आल्या. ठिबकने वाचलेले पाणी ही केवळ पाण्याची बचत नाही. न उपसलेले पाणी म्हणजे न जाळलेली वीज होय.

विहिरीवरचा पंप

सन १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. कुंडल हे पार्श्वनाथांचे पुरातन क्षेत्र. आणि आज पलूस तालुक्यात असलेला हा परिसर पूर्वी तासगाव तालुक्यातच होता. तेथल्या पंपांचे नाव देशभर झाले. ज्या भूमीत पंप घडतात, तेथील पंप उत्तम स्थितीत असावेत, ही अपेक्षा गैर नाही. प्रत्यक्षात मात्र अनेक विहिरींवर गरजेपेक्षा मोठी मोटार, दोनतीनदा रिवाइंडिंग केलेले वेटोळे, गळका फूटव्हॉल्व्ह, अरुंद पाइप आणि अनावश्यक कोपर, अशी स्थिती आढळते. पाणी तेवढेच येते, वीज मात्र अधिक जाते.

त्याहून घातक ऑटोस्विच. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. मालक घरी झोपलेला असतो. एका डीपीवरचे सारे पंप एकाच क्षणी सुरू झाले, की रोहित्रावर असह्य भार येतो आणि ते जळते. मग दहा-वीस शेतकऱ्यांची पिके नवे रोहित्र येईपर्यंत ताटकळतात. ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवावा, असे आवाहन वीज कंपनीने वर्षानुवर्षे केले आहे. कपॅसिटर ही काही शेकड्यांत मिळणारी वस्तू. पण ती बसवण्याचा लाभ एकट्याला दिसत नाही, सर्वांना मिळून होतो. म्हणूनच ती राहून जाते.

एकजुटीने काय साधते, याचे उदाहरण शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात घडले. केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००९ साली मंगळवेढा भागात शेतीपंपांचा पथदर्शी प्रकल्प हाती घेतला. त्यात दोन हजारांहून अधिक जुने पंप बदलून कार्यक्षम पंप बसवण्यात आले. मंगळवेढा हे म्हैसाळ योजनेच्या लाभक्षेत्राचे दूरचे टोक. जे तेथे शक्य झाले, ते येथेही अशक्य नाही.

भारनियमनाची शिकवण

सन २००५ ते २०१२ या काळातील भारनियमन ज्यांनी सोसले, त्यांना त्याचे स्मरण करून देण्याची गरज नाही. परीक्षेच्या दिवसांत कंदिलाच्या उजेडात अभ्यास चाले; दुकानासमोर जनित्रांचा धूर आणि खडखडाट असे; आणि रात्री-अपरात्री वीज येताच शेतकरी विंचूकाट्याची पर्वा न करता बागेत जाई. त्याच काळात महावितरणने ‘अक्षय प्रकाश’ योजना राबवली. सायंकाळच्या वेळेत गावाने स्वखुशीने पंप, गिरण्या, शेगड्या बंद ठेवायच्या आणि त्याच्या बदल्यात घरोघरी दिवे चालू राहायचे, असा तो करार होता. त्या करारात नवे यंत्र नव्हते, मोठी गुंतवणूक नव्हती. होता तो केवळ संयम आणि शेजाऱ्यावरचा विश्वास. एकाने चोरून पंप लावला, तर साऱ्या गावाचा उजेड जाणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

पुढे विजेची उपलब्धता वाढली आणि तो संयम विस्मरणात गेला. टंचाईने शिकवलेला धडा सुबत्तेत विसरणे हा मनुष्यस्वभाव आहे. व्रत घेण्याचे प्रयोजनही हेच आहे. अडचण म्हणून पाळलेला संयम अडचण संपताच संपतो. व्रत म्हणून पाळलेला संयम टिकतो.

शासनाचे काम

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि १ मार्च २००२ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो कार्यरत झाला. शीतकपाटावर आणि वातानुकूलन यंत्रावर जे तारे दिसतात, ती २००६ मध्ये सुरू झालेली या ब्युरोचीच योजना. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली. एलईडी दिव्याचा घाऊक खरेदीभाव आरंभी तीनशे रुपयांच्या घरात होता. मोठ्या प्रमाणावर एकत्रित खरेदी झाल्याने तो दोन-तीन वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आला. देशभर छत्तीस कोटींहून अधिक दिवे या योजनेतून वाटले गेले. घाऊक खरेदीची ताकद व्यापाऱ्यांना नव्याने सांगायला नको. शासनाने ती ताकद लोकहितासाठी वापरली, हे विशेष. १ जानेवारी २०२० पासून खोलीच्या वातानुकूलन यंत्राचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणे उत्पादकांना बंधनकारक झाले. महाराष्ट्रात महाऊर्जा ही संस्था १९८५ पासून या क्षेत्रात काम करते आणि २०१७ मध्ये राज्याने स्वतंत्र ऊर्जा संवर्धन धोरणही जाहीर केले.

उणीव आहे ती देखभालीत आणि जबाबदारीत. पथदिवे एलईडी झाले, पण दुपारी बारा वाजताही ते जळताना दिसतात. कारण बटण कोणी बंद करायचे, हे ठरलेले नसते. कचेरीत साहेब दौऱ्यावर आणि पंखा जागेवर, हे दृश्य सार्वत्रिक आहे. निविदेत सर्वांत कमी किमतीची मोटार घेतली जाते; ती पुढील पंधरा वर्षे किती वीज खाईल, याचा रकाना निविदेत क्वचितच असतो. पाणीपुरवठ्याचे पंप हे लहान नगरपालिकांच्या वीजबिलाचे मोठे कारण असते. तेथे गळती थांबवली, तर पाणी आणि वीज दोन्ही वाचतात. नागरिकांनी पथदिव्यांची संख्या वाढवण्याची मागणी जशी करावी, तशीच ते वेळेवर मालवण्याचीही करावी.

दुकान, माग आणि शीतगृह

व्यापाऱ्याचे मन नफातोट्याने पटते, म्हणून एक साधा हिशेब. एखाद्या दुकानात दहा पंखे आहेत. साधा पंखा पंचाहत्तर वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीस वॅट. दिवसाला दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर दहा पंख्यांवर वर्षाला १,३५० युनिटे वाचतात. दहा रुपये युनिट धरला, तर साडेतेरा हजार रुपये. नव्या पंख्यामागे दीड हजार रुपये अधिक मोजले, तरी वाढीव भांडवल सव्वा वर्षाच्या आत वसूल होते आणि पुढील अनेक वर्षे बचत पदरात पडत राहते. एवढा परतावा देणारी ठेव कोणत्याही पतसंस्थेत मिळत नाही. तरीही दुकानदार खरेदीच्या किमतीकडे पाहतो, वापराच्या किमतीकडे पाहत नाही. पहिली किंमत एकदा मोजावी लागते, दुसरी दरमहा.

कापड दुकानात प्रकाशाचे महत्त्व वेगळे आहे. दिव्याखाली मोरपिशी वाटलेले लुगडे उन्हात निळे निघाले, की गिऱ्हाईक नाराज होते. म्हणून जुने व्यापारी ठाण उलगडून ओटीवर, दिवसाच्या उजेडात दाखवीत. आता मात्र दर्शनी काच जाहिरातींनी झाकायची आणि आत भर दुपारी शंभर दिवे लावायचे, अशी रीत पडली आहे. दिव्यांची संख्या वाढवण्यापेक्षा रंग खरा दाखवणारे मोजके दिवे, फिकट रंगाच्या भिंती आणि उघडी ठेवलेली काच यांनी माल अधिक चांगला दिसतो आणि दुकान कमी तापते. दिव्यांनी तापलेले दुकान पुन्हा यंत्राने थंड करणे, म्हणजे एका हाताने पेटवून दुसऱ्या हाताने विझवणे होय.

दुकानात येणाऱ्या कापडामागेही वीज असते. विट्याच्या आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर दिवसरात्र मोटारी फिरतात. ढिला पट्टा, तेलपाण्याविना घासणारे माग, जळून पुन्हा गुंडाळलेली मोटार या गोष्टी प्रत्येक मीटरमागे थोडी थोडी वीज खातात. रंगकाम व प्रक्रियागृहांत वाफेच्या उघड्या वाहिन्यांवर आवरण घातले आणि वाफेचे गरम पाणी बॉयलरमध्ये परत घेतले, तरी इंधनाची लक्षणीय बचत होते.

बेदाण्याच्या व्यवसायात तर निसर्गाशी हातमिळवणीचा उत्तम नमुना आहे. शेडमधील जाळ्यांवर द्राक्षे पसरली जातात आणि कोरडी हवा व सावली यांच्या बळावर ती वाळतात. यंत्राने वाळवायची ठरवली असती, तर किती इंधन लागले असते! परंतु तोच बेदाणा पुढे शीतगृहात जातो आणि महिनोन्‌महिने थंड ठेवावा लागतो. तेथे दाराची फट, फाटलेला पडदा, मालाची चढउतार करताना तासन्‌तास उघडे राहिलेले दार आणि भिंतीच्या आवरणात शिरलेली ओल, हे चार चोर आहेत. त्यांना पकडण्यास परदेशी यंत्र लागत नाही. लागतो तो जागरूक देखरेख करणारा माणूस.

घर

घरात सर्वांत जवळचा आदर्श जैन आचारातच सापडतो. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याची प्रथा जीवदयेसाठी आहे. पण विजेच्या गणितातही ती बसते. सायंकाळी विजेची मागणी मोठी असते आणि सौरऊर्जा तेव्हाच मावळते. स्वयंपाक, इस्त्री, दळण, पाणी चढवणे ही कामे उन्हाच्या वेळी आटोपली, तर सायंकाळचा भार हलका होतो.

तपस्वी आणि त्यागीजनांसाठी पाणी प्रासुक करावे लागते. हे प्रयोजन आहे. त्यात काटकसर करण्याचा प्रश्नच नाही. पण उघड्या पातेल्याऐवजी झाकणाच्या भांड्यात, आणि छतावरील सौर उष्णजलयंत्रात आधीच तापलेले पाणी घेऊन उकळले, तर तेवढेच पाणी निम्म्याहून कमी इंधनात तयार होते. दूरदर्शन संच रिमोटने बंद केल्यावरही जागा असतो. भिंतीवरचे बटण मालवले, की तो खरा झोपतो. शीतकपाटाच्या दाराचे रबर ढिले झाले आहे काय, हे कागदाचा कपटा अडकवून पाहता येते. ही कामे लहान मुलेही हौसेने करतात.

कार्यक्षमतेला मर्यादेची जोड

येथे एक शंका उपस्थित होते आणि तिला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. कार्यक्षम साधने आली, तरी एकूण वापर कमी का होत नाही? जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले होते, की वाफेची यंत्रे अधिक कार्यक्षम झाल्याने कोळशाचा वापर घटला नाही, उलट वाढला. कारण स्वस्त झालेली शक्ती अधिक ठिकाणी वापरली जाऊ लागली. एलईडीचेही तसेच झाले. एका दिव्याच्या विजेत सहा दिवे लागतात म्हटल्यावर लोकांनी एकाऐवजी दहा लावले. लग्नाचा मांडव, इमारतीचे दर्शनी भाग, झाडांची खोडे, सारे रात्रभर उजळू लागले.

शेतीपंपांबाबतही हाच धोका आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना राज्याने एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी जाहीर केली. अडचणीतील शेतकऱ्याला ती मोठा आधार आहे, यात संशय नाही. परंतु बिल शून्य झाले म्हणून खर्च शून्य होत नाही. कोळसा जळतोच, भूजल खाली जातेच. फक्त त्याची पावती घरी येत नाही. सौरपंपाचेही असेच आहे. सूर्य फुकट आहे, पण विहिरीतले पाणी फुकट नाही.

आणि ‘बिल तर भरतो ना, मग वीज कशीही वापरू’ असे म्हणणाऱ्या संपन्न गृहस्थालाही हेच उत्तर लागू पडते. पैसे मोजल्याने वस्तूची मालकी मिळते. निष्कारण नाशाचा अधिकार मिळत नाही. ताटात वाढून घेतलेले अन्न स्वतःच्या पैशाचे असले, तरी ते टाकणे हा दोषच मानला जातो.

म्हणून केवळ कार्यक्षम साधन पुरेसे नाही. साधन ‘किती कमी विजेत’ काम करते, ते सांगते. ते काम करावयाचे की नाही, हे सांगत नाही. तो प्रश्न विवेकाचा आहे. शास्त्रकारांनी अनर्थदंडविरतीच्या जोडीला भोगोपभोग परिमाण हे व्रत सांगितले, ते याचसाठी. पहिले व्रत निरर्थक वापर थांबवते. दुसरे सार्थ वापरालाही मर्यादा घालते. बाजारातून आणलेला पंचतारांकित पंखा आणि श्रावकाचे परिमाण, ही दोन्ही चाके असली तरच गाडी चालते.

संस्थांनी काय करावे

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे छोटे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. डोंगरातल्या शंभरेक घरांच्या वाडीने जे केले, ते एखाद्या ट्रस्टला अवघड नाही. प्रत्येक मंदिर, धर्मशाळा, वसतिगृह आणि भोजनशाळेने विजेची स्वतंत्र नोंदवही ठेवावी. दरमहा किती युनिटे लागली, हे रुपयांत नव्हे, तर युनिटांत लिहावे. कारण दर बदलतात, युनिट बदलत नाही. वर्षातून एकदा ऊर्जा लेखापरीक्षण करून घ्यावे आणि जमाखर्चाबरोबर ते वार्षिक सभेत वाचावे. छत मोकळे असेल, तर सौरसंच बसवावा. मात्र त्याआधी अपव्यय थांबवावा, म्हणजे लहान संच पुरतो. देणगीदाराचे नाव असलेला पंखा बदलताना संकोच वाटतो. तेव्हा नव्या पंख्यावर तेच नाव लिहावे, दान अधिक फळेल.

गृहस्थांसाठी सरकारची मदतही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावरील संचास तीन किलोवॅट व त्यापुढे ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. परंतु अनुदानाच्या आधी घरात एक संध्याकाळ सर्वांनी मिळून फिरावे आणि प्रत्येक जळत्या दिव्यापाशी एकच प्रश्न विचारावा, ‘याचे प्रयोजन काय?’ उत्तर मिळाले, तर दिवा राहू द्यावा. उत्तर मिळाले नाही, तर तो मालवावा. अनर्थदंडव्रताचा तो सर्वांत सोपा पाठ आहे.

तासगावचा गणपतीचा रथ हजारो हात ओढतात, म्हणून तो हलतो. कोणा एकाच्या बळावर तो तसूभरही सरकत नाही. ऊर्जेच्या बचतीचेही तसेच आहे. एका घराने मालवलेला दिवा कोणाच्या नजरेस येत नाही. पण शासनाने, व्यापाऱ्याने, बागायतदाराने आणि गृहिणीने एकाच दोराला हात घातला, तर कृष्णेचे पाणी कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत जाईल आणि तेथल्या शेतकऱ्याला टँकर शोधावा लागणार नाही. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी समाजाने आपल्या वहीतले ते कोरे खाते उघडावे आणि त्यात पहिली नोंद करावी, हीच जिनचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!